सिनेमा बघता बघता नजर कशी घडली? मराठवाड्यातले अनुभव

छत्रपती संभाजीनगर

पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर सरांनी माणसांच्या कितीतरी पिढ्यांना सिनेमा बघायला शिकवलं. मुंबईत फिल्म सोसायट्या होत्या. आपल्याकडं काय होतं? यात्रेतला तंबू, तालुक्याचं टॉकीज, गणपतीत वर्गणी काढून भाड्यानं आणलेला व्हिडिओ आणि दूरदर्शन. तरीही सिनेमा फार बारकाईनं बघणारी माणसं मला इथं सतत भेटतात. बसस्टँडवर भेटतात, बँकेत भेटतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली असतात. त्यांना ही नजर कुठून आली, ते त्यांच्याच शब्दांत ऐकायचं आहे. एकच विनंती: आवडत्या सिनेमांची नुसती यादी नको. कोणत्या जागी तुम्ही थबकलात आणि त्यानंतर तुमचं बघणं कसं बदललं, ते लिहा.

सुरुवात मी करतो. रविवारी दुपारी दूरदर्शनवर इतर भाषांतले पुरस्कार मिळालेले सिनेमे लागायचे. जेवणं झालेली, घरातले आडवे झालेले, आणि मी एकटा टीव्हीसमोर. तसाच एकदा ‘पाथेर पांचाली’ लागला. बंगाली येत नव्हतं आणि खालच्या इंग्रजी ओळी वाचून होण्याआधीच निघून जायच्या. बाप बऱ्याच दिवसांनी घरी येतो, आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतो, मुलीसाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो. मुलगी गेली आहे, हे त्याला ठाऊक नाही. आईचा बांध फुटतो, पण तिचा आवाज आपल्याला येतच नाही. त्या जागी तारशहनाई वाजते. शाळकरी वयात ते वाद्य कोणतं हे मला माहीत नव्हतं, पण रडण्याचा आवाज कुणीतरी जाणूनबुजून काढून घेतलाय, एवढं लख्ख कळलं. सिनेमात एखादी गोष्ट ‘घडते’ त्यामागं कुणीतरी ती तशी ‘ठरवलेली’ असते, हे मला तिथं समजलं. तेव्हापासून कुठलाही सिनेमा बघताना मी हे ठरवणाऱ्या माणसाचा माग काढत असतो. ‘पाथेर पांचाली’ माझा सर्वांत आवडता सिनेमा आहे का? नाही. तो मान ‘प्यासा’चा. पण बघायला मला ‘पाथेर पांचाली’च्या सत्यजित रायनं शिकवलं.

लोहा तालुका, जि. नांदेड

माळेगावची यात्रा आमच्यापासून जवळ. मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरली की घोडे, उंट, गाढवं, तमाशाचे फड आन् टुरिंग टॉकीजचे तंबू. आम्ही पोरं दिवसभर हिंडायचो आन् रात्री तंबूत घुसायचो. मातीत बसून बघायचं. रीळ बदलायला वेळ लागला की शिट्ट्या. दादा कोंडके तिथंच बघितले, ‘पिंजरा’ तिथंच बघितला. हसायचं, रडायचं, घरी यायचं. कोण चांगलं काम करतंय, हे डोक्यातच यायचं नाही.

मह्या डोक्यात पहिल्यांदा काय शिरलं ते सांगतो. ‘सामना’ मी टीव्हीवर बघितला, लई उशिरा. सिनेमा १९७४ चा. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील. मी अशा माणसांच्या दारात उभा राहिलेला माणूस आहे, म्हणून सांगतो, सिनेमातले पुढारी लई ओरडतात. खरा पुढारी ओरडत नाही. त्याला गरजच पडत नाही. निळूभाऊंचा हिंदुराव हळू बोलतो, पाहुण्याला जेवू घालतो, त्याची काळजी घेतो. आन् डॉक्टर लागूंचा मास्तर, दारुडा, फाटका, त्याच्याच घरात राहून एकच इचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? मला मास्तरपेक्षा हिंदुरावाचं भ्या वाटलं, कारण तो मला चांगला माणूस वाटायला लागला होता.

त्या दिवसापासून मी नटाच्या आवाजाकडं ध्यान देतो. कोण किती जोरात बोलतंय आन् त्याला तेवढं जोरात बोलायची गरज हाय का. यानं माझे निम्मे आवडते नट बदलून गेले. दादा मात्र तसेच हायेत. त्यांचा टायमिंग मोजून बघा कुणीही.

नांदेड

मी निवृत्त शिक्षक. आमच्या गल्लीत निम्मी घरं दखनी बोलणारी. ‘नक्को’, ‘हौ’, ‘कायकू’ हे आम्ही लहानपणी मराठीइतकंच सहज बोलायचो. हैदराबाद संस्थान १९४८ ला गेलं, पुढं मराठवाडा महाराष्ट्रात आला, तेलंगण तिकडं राहिलं, पण जिभेवरचं एवढ्यात कसं जाणार? हिंदी सिनेमात मात्र ही बोली यायची ती मेहमूदसारख्यांच्या विनोदापुरतीच. ती बोलणारा माणूस दिसला की हसायचं, असं प्रेक्षकाला आधीच ठाऊक.

श्याम बेनेगलांचा ‘अंकुर’ (१९७४) मी पाहिला तेव्हा शबाना आझमींची लक्ष्मी हीच बोली बोलत होती आणि थिएटरात कुणीही हसत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. आपल्या शेजारणीसारखं बोलणारी बाई पडद्यावर दुःखी असू शकते, संतापू शकते, जमीनदाराच्या पोराला शिव्याशाप देऊ शकते! भाषा कोणाच्या तोंडी कशासाठी दिली आहे, हे तपासायची सवय मला तिथून लागली. आज मराठी सिनेमात मराठवाडी बोली ऐकू येते, त्यात मकरंद अनासपुऱ्यांचा वाटा फार मोठा आहे. पण तीही बहुतेक वेळा हसवण्यासाठीच वापरली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मराठवाडी बोलीत कुणी गंभीर प्रेम केलेलं मला पडद्यावर बघायचं आहे.

आणखी एक. ‘अंकुर’च्या शेवटी एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतो. चाळीसेक वर्षांनी ‘फँड्री’त जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्यावर. पहिला दगड वाड्यावर होता, दुसरा आपल्यावर आला. हे दोन दगड शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मला वाटलं, आता आपल्याला सिनेमा कळायला लागला. एका सिनेमाशी दुसरा बोलतोय, हे ऐकू येणं म्हणजे रसिक होणं, अशी माझी समजूत आहे. वाचनाचाही यात हात आहे. आमच्या नांदेडचे विजय पाडळकर सिनेमावर ज्या आत्मीयतेनं लिहितात, ते वाचून मी पाहिलेले सिनेमे पुन्हा बघायला घेतले.

लातूर

मी क्लाससाठी इथं आलोय. होस्टेलवर रात्री कानात हेडफोन घालून मोबाइलवर बघतो, त्यामुळं मोठ्या पडद्याचं मला फारसं सांगता येणार नाही. ‘कोर्ट’ लावला आणि सवयीप्रमाणं पुढं ढकलत बघायला लागलो. पण पुढं ढकलूनही चित्र तेच! कॅमेरा एका जागी, माणसं लांब, कुणीच क्लोजअपमध्ये नाही. राग आला, आणि मग कुतूहल वाटलं म्हणून सुरुवातीपासून सलग लावला. शाहीर नारायण कांबळेची केस संपत नाही, तारखा पडत राहतात, आणि आपल्यालाही वाट बघायला लावलं जातं. सुट्टी लागते, कोर्टातले दिवे बंद होतात, पडदा काळा होतो. मला वाटलं संपला. तर पुढं न्यायाधीश सहलीला गेलेले! तो भाग नसता तर मी फक्त व्यवस्थेवर चिडलो असतो. त्यामुळं मला माणूस दिसला.

तेव्हापासून सिनेमा पुढं ढकलायचं बंद केलं. कंटाळा आला तर तो मुद्दाम दिलाय की दिग्दर्शकाला जमलं नाही म्हणून आलाय, हे शोधतो. दोन्ही प्रकार असतात.

अंबाजोगाई

आमच्या घरात वारी. सासऱ्यांना ‘संत तुकाराम’ तोंडपाठ. प्रभातचा १९३६ चा सिनेमा, व्हेनिसला गौरवला गेलेला, विष्णुपंत पागनीसांचा. लग्न होऊन आले तेव्हा एकादशीला घरात तो लावायचे आणि सगळे हात जोडून बघायचे. मीही बघायचे.

एका वर्षी मी बघताना फक्त जिजाईकडं बघितलं. गौरीबाईंनी केलेली जिजाई. नवरा अभंगात, घरात दाणा नाही, पोरं, म्हैस, चूल सगळं तिच्यावर. ती विठ्ठलावर चिडते, नवऱ्याला बोल लावते. आणि मला दिसलं की सिनेमा तिची टिंगल करत नाही. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी तिला तुकोबांइतकंच खरं ठेवलंय. वैकुंठाला चल म्हणून नवरा सांगायला येतो, तरी तिचं मन घरातच आहे. भक्तिपटात इतका मोठा मान संसाराला देणारा दुसरा सिनेमा मला माहीत नाही. पुष्पक विमान सगळ्यांच्या लक्षात राहतं, माझ्या लक्षात जिजाईचे हात राहिलेत.

सासऱ्यांना हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “सूनबाई, पुन्हा लाव बरं.” आम्ही दोघांनी तो जिजाईसाठी पुन्हा बघितला. आता कुठलाही सिनेमा बघताना मी कोपऱ्यातल्या बाईकडं आधी बघते. तिला दिग्दर्शकानं काही काम दिलंय, की ती नुसती चहा आणून देते? पुष्कळ नावाजलेले सिनेमे माझ्या मनातून उतरले ते यामुळंच, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

कळंब, जि. धाराशिव

मी शेती करतो. शेतकऱ्यावरचा सिनेमा म्हटलं की भेगाळलेली जमीन, वर बघणारा म्हातारा आणि मागं आर्त आलाप. खरं दुःख आम्ही रोज बघतो, पण ते असं वाजत येत नाही. ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) वऱ्हाडातला, तरी आमचाच वाटला. नवरा जिवाचं काही बरंवाईट करील या धास्तीनं बायको पोराला त्याच्या मागं पाठवते, आणि त्या पाठलागाचं आपल्याला हसू येतं. हसताना घशात अडकतं. दुष्काळात घरात असंच असतं, माणसं चेष्टाही करतात. दिग्दर्शक सतीश मनवरांनी रडायची जागा आम्हाला दाखवून दिली नाही, हा मला मोठा सन्मान वाटला. माझी कसोटी आता एवढीच: मी कधी रडावं हे सिनेमा मला सांगतो का? सांगत असला, तर कितीही चांगल्या हेतूचा असो, मला तो आवडत नाही.

जालना

वरचं सगळं पटलं, पण एक बाजू राहतेय. मला ‘दीवार’ आवडतो. ‘शोले’ आवडतो. हे आवडणं मी कधीच सोडलं नाही आणि सोडणार नाही. टॉकीजमध्ये शेकडो माणसांबरोबर एकाच क्षणी श्वास रोखण्याचा आनंद हाही सिनेमाचाच आहे. चांगली नजर आली की लोकप्रिय सिनेमा खाली ठेवावा लागतो, असं माझ्या आसपासचे काही जण मानतात. मी उलट केलं. ‘शोले’तल्या शांत जागा शोधल्या. राधा दिवे मालवत जाते आणि खाली जय माउथ ऑर्गन वाजवत बसलेला असतो, एक शब्द नाही. रायचा सिनेमा बघून तयार झालेली नजर इथं वापरली, तर इथंही सापडतं.

छत्रपती संभाजीनगर

जालन्याशी मी सहमत आहे, पण एका अटीवर: जे मिळतं त्याच्या पलीकडचंही शोधावं लागतं. सादिया, अंबा-अप्सरा या टॉकीजच्या काळात आम्हाला निवड नव्हती. आता शहरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो, इराणचे, युरोपचे सिनेमे इथं बसून बघता येतात. पण माझ्यासाठी खरी शाळा सिनेमा सुटल्यावर चहाच्या टपरीवर भरते. आमच्या चौघांत एकमत कधीच होत नाही. एकानं ‘बोअर’ म्हटलं की बाकीचे त्याला सोडत नाहीत: कुठं बोअर झाला? कोणत्या प्रसंगात? का? या उलटतपासणीनं माझी मतं जेवढी घासून निघाली तेवढी पुस्तकांनी निघाली नाहीत.

इराणी दिग्दर्शक किआरोस्तामीचा १९८७ चा एक सिनेमा आहे. मित्राची वही चुकून आपल्याकडं आली म्हणून एक मुलगा ती परत द्यायला शेजारच्या गावाला धावतो. एवढीच गोष्ट. टेकडीवरची नागमोडी वाट, वर एकटं झाड. मला बालाघाटातलं माझं गाव दिसलं, आणि मास्तरांची भीतीही. मित्र म्हणाला, तुला गाव आठवलं म्हणून आवडला, सिनेमा म्हणून काय? त्यावर उत्तर शोधताना मला कळलं की तीच वाट सिनेमात पुन्हा पुन्हा येते, आणि दर वेळी मुलाचं ओझं वाढलेलं असतं. आवडण्याचं कारण आणि चांगलं असण्याचं कारण तिथं वेगळं करता आलं. दोन्ही माझीच आहेत.

हिंगोली

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. प्रोजेक्टर आहे, वीज असली तर चालतो. आठवीच्या मुलांना ‘टिंग्या’ दाखवला. आधी सगळे बैलासाठी रडले. दुसऱ्या दिवशी तेच काही प्रसंग पुन्हा लावले आणि फक्त एक प्रश्न विचारला: कॅमेरा कुठं ठेवलाय? मुलाच्या उंचीवर की मोठ्या माणसाच्या? एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मोठी माणसं बोलतात तव्हा टिंग्या खालून बघतो, मग आपल्याला बी खालूनच ऐकू येतं.” मी तिला हे सांगितलेलं नव्हतं.

आता वर्ग पुढचा सिनेमा मागतोय. ‘श्यामची आई’ दाखवायचा विचार आहे, पण जुन्या संवादांचा वेग त्यांना झेपेल का, याची धाकधूक आहे. ज्यांनी खेड्यातल्या मुलांना वर्गात सिनेमे दाखवले आहेत, त्यांनी कोणते निवडले, मध्ये थांबवून बोललात की सलग दाखवले, हे जरूर सांगा. मला दिवाळीच्या सुट्टीआधी ठरवायचं आहे.