शब्दचर्चा : हॅलोविनची सजावट, आरास की देखावा? (बोलणाऱ्यांची नावं ही टोपणनावं आहेत.)

कोरीवकाम : सहकुटुंब सहलीच्या पत्रकाचं मराठीकरण चालू आहे. विषय : मुलांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमच्या डिस्नीलँड पार्कमधली हॅलोविनची, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाची, सजावट बघणं, शिवाय घरी काय करता येईल. डेकोरेशन, स्पूकी, ओव्हरले (राइडवर चढवलेली हंगामी सजावट), कॉबवेब, 'हे-बेल' (वाळल्या गवताचा गठ्ठा) आणि जॅक-ओ-लँटर्न या शब्दांपाशी गाडी अडली आहे. सध्याचा खर्डा : 'भयावह सजावटीचा आनंद घ्या.'

मधलीसुट्टी : स्पूकीला 'भयावह' नको, तो पुराला आणि अपघाताला ठेवा. 'भयाण' म्हटलं की ओसाड जागा आली, 'भेसूर' चेहऱ्याला किंवा आवाजाला लागतं. दिवसाउजेडी डिस्नीलँडच्या मेन स्ट्रीटवर हसऱ्या भोपळ्यांच्या रांगा असतात, टाउन स्क्वेअरमध्ये मिकीच्या तोंडवळ्याचा अवाढव्य भोपळा असतो. यातलं काहीच भयाण नाही. याला आपला नेमका शब्द 'लुटुपुटूचं'. लुटुपुटूची लढाई, तशी लुटुपुटूची भीती. डिस्नीच्याच फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये १९९५ पासून 'मिकीज नॉट-सो-स्केअरी हॅलोविन पार्टी' होते, तिच्या नावाचं मराठी यापेक्षा जवळ जाणार नाही. जेवायला बसत नसलेल्या पोराला दाखवायचा तो 'बागुलबुवा'ही इथे चालेल.

एक सावधगिरी. जवळच्या बुएना पार्क गावातल्या नॉट्स बेरी फार्म या करमणूक पार्कमध्ये १९७३ पासून रात्रीचा 'नॉट्स स्केअरी फार्म' भरतो. धुक्यातून माणसं अंगावर धावून येतात. १३ वर्षांखालच्या मुलांना आणू नका, असं पार्कच सांगतं. त्याला 'थरकाप' म्हणा. दोन्हीकडे एकच विशेषण वापरलंत तर सहा वर्षांच्या मुलाचे आईबाप चुकीचं तिकीट काढतील.

हलता_देखावा : डेकोरेशनला तीन शब्द लागतील आणि तिन्ही गणपतीच्या मांडवात तयार आहेत. कमानी, दुकानांचे सज्जे, खांबांवरच्या माळा ही 'सजावट'. एका जागी रचून, मांडून केलेली ती 'आरास'. आणि प्रसंग उभा केला असेल, पात्रं असतील, समोर थांबून बघायचं असेल तर 'देखावा'. शेजारच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर पार्कात शिरल्यावर घोड्यावरचा बिनमुंडक्याचा स्वार हातात भोपळा उंचावून उभा दिसतो, तो देखावा.

ओव्हरलेला 'आच्छादन' म्हणू नका, ताडपत्री डोळ्यांपुढे येते. 'साज चढवणे' म्हणा. हाँटेड मॅन्शन ही डिस्नीलँडमधली १९६९ ची राइड. २००१ पासून हंगामात तिच्यावर हॅलोविन आणि नाताळ यांचा मिळून एक साज चढतो. जेवणघराच्या दृश्यात मधोमध जिंजरब्रेडचं (आल्याच्या बिस्किटाचं) घर असतं, दर वर्षी नवं. आता कामाचा मुद्दा : साज चढवायला आणि पुढे जानेवारीत उतरवायला राइड काही दिवस बंद ठेवावी लागते. पत्रकात 'साज चढल्याची तारीख बघून मगच तिकीट काढा' हे वाक्य हवं, नाहीतर लोक ऑगस्टमध्ये जाऊन बंद फाटक बघून येतील.

जाता जाता : हाँटेड मॅन्शनला 'झपाटलेला वाडा' नको. वाडा म्हटला की चौक, ओसरी, विहीर आलीच. शिवाय झपाटतं ते माणसाला. घरात भुताटकी असते. 'भूतबंगला' बरोबर बसतो.

वळचण : कॉबवेबवर कुणी बोललं नाही, खरी गंमत तिथेच आहे. कोळ्याने विणलेलं, ताणलेलं, मधे कोळी बसलेलं ते 'जाळं'. कोपऱ्यात राहिलेलं, बिनधन्याचं ते 'कोळिष्टक'. आणि धूळ बसून काळं पडलेलं, लोंबणारं ते 'जळमट'. हॅलोविनला हवं असतं ते जळमट! पण मराठीत जळमट काढतात, लावत नाहीत. त्यातून हा काळ दिवाळीच्या साफसफाईचा. 'जळमटं लावा' वाचून वाचक हसेल. हसू द्या, तेच हवंय.

घरच्यासाठी : पाकिटात मिळतं ते पॉलिस्टरच्या तंतूंचं असतं. चिमूटभर घ्यायचं, एक टोक खिळ्याला अडकवायचं आणि आरपार दिसेपर्यंत ओढत न्यायचं. लोक इथेच कंजुषी करतात, ओढायचा कंटाळा करतात. मग ते गादीतून निघालेल्या कापसासारखं दिसतं. अंगणातल्या झुडपांवर मात्र ते घालू नका, पाखरं आणि मधमाश्या अडकतात. तिथे सुतळीचं मोठ्या भोकांचं जाळं विणा, म्हणजे शब्दही 'जाळं'च राहील.

डांगर : आता माझं क्षेत्र. आधी भोपळा कुठला ते लिहा. नुसतं 'भोपळा' म्हटलं की अर्ध्या घरांत दुधी येतो. 'लाल भोपळा' लिहा; काही भागांत याला डांगर म्हणतात, काही ठिकाणी काशीफळ. कोहळा वेगळा, तो आपण दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगतो.

जॅक-ओ-लँटर्न म्हणजे 'भोपळ्याचा कंदील', पण आत दिवा असेल तरच. दिवा नसेल तर 'कोरलेला भोपळा'. आयर्लंडमध्ये आधी सलगम कोरत, अमेरिकेत गेल्यावर भोपळा हाताशी आला. क्रियापद 'कोरणे'च, 'कापला' म्हटलंत तर भाजी झाली.

कृतीचे शब्द : वरचं 'टोपण' कापताना सुरी आतल्या बाजूला तिरकी धरायची. सरळ कापलं तर टोपण आत पडतं. मग बिया आणि आतले तंतू काढून, चेहरा जिथे कोरायचा तिथली भिंत खरवडून साधारण इंचभर जाड ठेवायची. जाड राहिली तर सुरी वळत नाही, फार पातळ केली तर डोळे-दात दोन दिवसांत आत वळतात. कापलेल्या कडांना व्हॅसलीन लावलं की सुकणं लांबतं. तरी कोरलेला भोपळा आठवड्याच्या आतच बुरशी धरतो, उन्हात त्याआधी. डिस्नीलँडमधला हंगाम अलीकडे ऑगस्टअखेरीलाच सुरू होतो, म्हणून तिथले हसरे भोपळे बनावटच असतात.

बाकी मराठी भोपळा घाबरवेल ही आशा सोडा. तो परीक्षेत मिळतो, भ्रमाचा असला तर फुटतो आणि म्हातारीला घेऊन टुणुक टुणुक जातो.

हलता_देखावा : 'हे-बेल'ला 'पेंढी' नको, पेंढी म्हणजे हाताने बांधलेली जुडी. यंत्राने दाबून बांधलेली ती 'गासडी', कापसाची असते तशी. 'वाळल्या गवताच्या गासड्या'.

तिन्हीसांज : एक विनंती. पत्रकात हॅलोविनला 'अमेरिकन पितृपक्ष' लिहू नका. ३१ ऑक्टोबर ही सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ, नावाचा अर्थही तोच. मृतांचं स्मरण २ नोव्हेंबरला. गोव्यात आणि वसईत त्या दिवशी कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या असतात, भोपळे नाहीत.

मात्र डिस्नीलँडच्या फ्रंटियरलँड भागात मेक्सिकन 'दिया दे लोस मुएर्तोस'ची (मृतांच्या दिवसाची) मांडणी असते. तिथे 'पितरांसाठी मांडलेली आरास' शोभेल. रंगीत कवट्या, नटलेले सांगाडे आणि झेंडू. झेंडू मूळचा तिकडचाच. ही आरास भीतीसाठी नाही, तेव्हा 'लुटुपुटू'ही तिथे नको.

फोटोची वेळ 'दिवेलागण' लिहा. सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटं आभाळ निळं असतं आणि नारिंगी दिवेही उठून दिसतात. नंतर मोबाइलवर आभाळ काळं आणि दिवे पांढरे फट्ट येतात. ऑक्टोबरअखेर तिथे सूर्यास्त सहाच्या सुमाराला.

कोरीवकाम : आभार. नवा खर्डा : 'दिवेलागणीला पोहोचा. लुटुपुटूच्या भुतांची आरास, साज चढलेला भूतबंगला आणि मुद्दाम लावलेली जळमटं मुलांना दाखवा.' ट्रिक-ऑर-ट्रीटला 'खाऊ की खोडी' केलंय.

मधलीसुट्टी : छान. वेशांतराची ओळ राहिली : १४ वर्षांच्या आणि त्यावरच्यांना एरवी डिस्नीलँडमध्ये सोंग घेऊन येता येत नाही, वेगळ्या तिकिटाच्या रात्रीच चालतं, आणि तेव्हाही मुखवटा नको. 'वेशभूषा' ऐवजी 'सोंग' घ्या, जागा कमी लागेल.

वळचण : पण 'सोंग आणू नका' असं मात्र छापू नका. आजी-आजोबा रुसतील.