पाथर्डी फाट्याचा फ्लॅट आणि विटांवरची इनोव्हा
प्रश्न: रविवारी पाथर्डी फाट्याजवळ रिसेलचा टू बीएचके पाहिला. हवेशीर, पूर्वेला बाल्कनी. पण खाली जिन्याच्या तोंडाशीच शेजाऱ्याची इनोव्हा, कव्हरवर बोटभर धूळ, चाकाखाली विटा. मालक म्हणाले, "सांगितलं की काढतात." टोकन द्यावं का? सौ. नाही म्हणतेय.

गोदाकाठ: विटा लावलेली गाडी कोण काढतंय भाऊ! रात्री दहानंतर चक्कर मारा, दुपारी सगळं मोकळंच दिसतं. इंदिरानगरचा फ्लॅट विकताना माझी तीन गिऱ्हाइकं गेटवरूनच फिरली. चौथ्याला दोन लाख कमी घेऊन दिला. (आणि तो शेजारी पेढे मागायला आला!)

माजी सेक्रेटरी: सोसायटीचं पार्किंग वाटपपत्र मागा. तोंडी शब्द नको. "बिल्डरकडून विकत घेतलंय" म्हणाले तर लक्षात ठेवा, स्टिल्ट पार्किंग (इमारतीखाली खांबांमधली जागा) बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये नहालचंद खटल्यात तेव्हाच्या कायद्याप्रमाणे सांगितलं होतं.

प्रश्नकर्ता: काल रात्री साडेदहाला गेलो. इनोव्हा तिथेच, टपावर मांजर. माझी स्विफ्ट बाहेर नाल्याकडेला लावावी लागली. वाटपपत्र मागितलंय, मालक "बघतो" म्हणालेत.