मदत हवी आहे: केस बघताना स्वतःचा राग, दया कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी, मी फॉरेन्सिक सायकॉलॉजीत मास्टर्स करतेय. सध्या पीसीएल-आरचं (गुन्हेगारांमधली सायकोपथी मोजायची चाचणी) स्कोअरिंग शिकतेय, २० मुद्दे, प्रत्येकाला ०, १ नाहीतर २, म्हणजे ते लक्षण पूर्ण लागू असेल तर २. सरावाच्या एका केसमधला माणूस इतका छान बोलणारा होता की मी त्याला नकळत कमी स्कोअर दिला, आणि पुढच्या केसमध्ये लहान मुलाचा छळ होता, ते वाचून एवढा राग आला की पूर्ण फाईल वाचायच्या आधीच २ मनात ठरलेला. मॅडमनी दोन्ही शीट शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं, खूप हादरले मी. २०१३ च्या एका प्रयोगात अनुभवी तज्ज्ञांनीसुद्धा आपल्याला सरकारी वकिलांनी बोलावलंय की बचाव पक्षाने यावरून त्याच फाईलींना वेगळे स्कोअर दिले होते, म्हणजे नुसत्या अनुभवाने हे जात नाही ना?

महिनाभर डायरी लिहितेय पण ती रात्री, तोवर स्कोअर देऊन झालेला असतो. तर या फील्डमधल्यांना विचारायचंय, मुलाखत चालू असतानाच आपली भावना कशी पकडता? आणि सुपरव्हायझरला हे किती मोकळेपणाने सांगावं? स्वतः थेरपी घेतल्याचा कोणाला फायदा झाला असेल तर तेही प्लीज सांगा.