कातकरी वस्तीवरील किशोरवयीन मुलामुलींसाठी आरोग्यसेवा कशी आखावी?

प्रश्न (समुदाय आरोग्य अधिकारी, वाई तालुका)

नमस्कार. माझ्या उपकेंद्राच्या हद्दीत धरणाकाठी एक कातकरी वस्ती आहे. पावसाळ्यात मासेमारी व शेतमजुरी आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर, असा तेथील वर्षक्रम असतो. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. त्यात १० ते १९ वयोगटासाठी मैत्री क्लिनिक (सल्ला व तपासणीचा दवाखाना) आहे आणि शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. परंतु या वस्तीवरील बरीच मुले शाळा अर्धवट सोडतात आणि मुलींची लग्ने लवकर होतात, त्यामुळे दोन्ही सोयी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. शिबिर घेतले तर लेकुरवाळ्या आणि वृद्ध येतात, पंधरा-सोळा वर्षांची मुले मात्र लांबच उभी राहतात. अशक्तपणा, तंबाखू, दारू आणि मनातल्या मनात कुढणे, हे सारे दिसत असते. त्यांच्या रीतिरिवाजांचा मान राखून, त्यांना आपली वाटेल अशी सेवा कशी उभी करावी? भगताशी, म्हणजे वस्तीतील पारंपरिक मांत्रिक-वैदूशी, कसे वागावे?

उत्तर (निवृत्त आरोग्य सहायिका, मेढा)

ताई, सर्वप्रथम शिबिराचे वेळापत्रक बदलावे. आपले वर्ष एप्रिल ते मार्च असे चालते, त्यांचे पावसावर चालते. जानेवारीत वस्तीवर म्हातारी माणसे उरतात आणि तरुण पोरे भट्टीवर असतात. जून ते दिवाळी हाच आपला काळ. तोही सकाळी दहाचा नव्हे, तर मासे विकून माणसे परतल्यानंतरचा.

भगताला टाळून काहीही साधणार नाही. त्याच्याशी भांडण्याऐवजी त्याच्या घरी बसून एवढेच ठरवून घ्यावे की साप चावला, तापात झटके आले किंवा बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना, तर क्षणभरही न थांबता १०८ ला फोन करायचा. प्रतिसर्पविष दवाखान्यातच मिळते, हे त्याला समजावून सांगावे. बाकी अंगारा, नवस यांना आपण हरकत घेऊ नये. बोलावण्याचा अधिकार त्याच्याकडे राहिला, तर तोच माणसे आपल्याकडे पाठवतो, असा माझा अनुभव आहे.

अशक्तपणाबद्दल बोलताना पालक आणि सफरचंदाची चित्रे दाखवू नयेत. खेकडे, ताजे मासे, टाकळा, भारंगी, कुर्डू हे त्यांचे अन्न उत्तम आहे आणि ते कमी होत चालले आहे, हीच खरी अडचण आहे. रानभाज्या ओळखणाऱ्या आजीला मुलींसोबत बसवावे. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, हे आजीने सांगितले तर मुली ऐकतात. पाळीविषयीचे बोलणेही तेथेच सहज निघते. मात्र त्या वेळी पुरुष कर्मचारी जवळपास नसावा.

उत्तर (कातकरी युवक, जावळी तालुका)

आमच्याकडे येणारा प्रत्येक अधिकारी पहिला प्रश्न दारूचा विचारतो. जाळे विणणारा, रात्री धरणात उतरणारा, कोणत्या झाडाचा डिंक कधी काढायचा हे जाणणारा मुलगा त्या प्रश्नाने मान खाली घालतो आणि पुन्हा येत नाही. माझी विनंती आहे की आमच्यातीलच एक मुलगा व एक मुलगी निवडून त्यांना प्रशिक्षण द्यावे, मानधन द्यावे आणि दर महिन्याला कोणता विषय घ्यायचा हे त्यांनाच ठरवू द्यावे. केवळ आमची गाणी लावून शिबिर आमचे होत नाही.

उत्तर (समुपदेशक, सांगली)

वरील मुद्द्याला संशोधनाचाही आधार आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात चँडलर आणि लालोंद यांनी आदिवासी समुदायांतील तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास केला, तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या समुदायांच्या हाती स्वतःची शाळा, आरोग्यसेवा, जमिनीचा लढा अशा गोष्टी होत्या, तेथे हे प्रमाण फार कमी आढळले. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्याने त्यांच्या संस्थेच्या शोधग्राम या परिसरातील दवाखाना गोंड वस्तीच्या धर्तीवर, झोपड्यांच्या रूपात बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. रुग्णाजवळ नातेवाईक राहू शकतात. तेथेही काय हवे हे आधी लोकांना विचारले गेले, हे विसरू नये.

आमच्या जिल्ह्यात मी पारधी मुलांबरोबर काम करतो. १८७१ च्या ब्रिटिश कायद्याने काही जमातीच गुन्हेगार ठरवल्या आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी गणवेशातील माणूस दिसला की मुले आजही लपतात. म्हणून पहिल्या भेटीत आधार क्रमांक, अंगठा, छायाचित्र यांपैकी काहीही मागू नये. मन मोकळे करण्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, पण तो भिंतीवर चिकटवून भागत नाही; पहिला फोन मुलाजवळ बसून लावावा लागतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. युवक व युवती निवडण्याचे काम वस्तीच्या बैठकीवरच सोपवते. एक शंका उरते: भट्टीवर गेल्यावर क्षयरोगाचा किंवा लोहाचा उपचार खंडित होतो, त्याचे काय करावे?

उत्तर (निवृत्त आरोग्य सहायिका, मेढा)

निघण्यापूर्वी मुकादमाकडून भट्टीचे गाव विचारून घ्यावे आणि तेथील प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करून रुग्णाची माहिती द्यावी. क्षयरुग्णाची निक्षय (क्षयरुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) नोंद तिकडे वर्ग करता येते. लोहाच्या गोळ्या, वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून, पुढील काही महिन्यांच्या एकदम द्याव्यात आणि घरातील लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवायला सांगाव्यात.