मागची मराठी शाळा : सही करण्याआधी वाचा

बी-४०२ काका : मंडळी, सोसायटीमागची शाळा पाडण्याच्या निवेदनावर अजून ११ सह्या हव्यात. काल परत स्लॅबचा पोपडा पडला, नशीब मे महिन्याची सुट्टी आहे. राजस्थानात झालावाडला जुलै २०२५ मध्ये शाळेचं छत कोसळून ७ मुलं गेली, आपण कशाची वाट बघतोय?

ए-३०१ : +१. जागा मोकळी झाली तर पार्किंगचं पण विचारता येईल

ए-१०३ ताई : काका भीती मलाही वाटते, रोज खिडकीतून तेच दिसतं, पण मी या निवेदनावर सही करणार नाही कारण त्यात "पाडा" एवढंच लिहिलंय, परत बांधा असं कुठेच नाही. आमच्याकडे येणाऱ्या मावशींच्या दोघी मुली तिथेच जातात, दुसरीत आणि चौथीत. आरटीईप्रमाणे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, पाचवीपर्यंतची शाळा घरापासून १ किमीच्या आत हवी, आणि मावशी सकाळी चार घरची कामं करतात, लांबच्या शाळेत सोडायला कोण जाणार? चौथीतली घरी बसेल धाकट्या भावाला सांभाळत. आणि दादा, पार्किंगचं डोक्यातून काढा, डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, ती जागा शाळेसाठी आरक्षित आहे, ते बदलायचं तर एमआरटीपी या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस निघते, हरकती मागवतात, आणि पहिली हरकत माझी असेल.

सी-२०१ : मी बांधकाम साइटवरचा माणूस, काल आत जाऊन आलो. पुढच्या चार खोल्या काळ्या दगडाच्या, चुन्यातल्या, वर कौलं. भिंतीला तडा नाही, दोन वाशांना वाळवी आहे तेवढी. पडतंय ते मागून जोडलेल्या आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) खोल्यांचं! गच्चीवरचं पाणी मुरून सळया गंजल्यात, गंज फुगला की काँक्रीट ढकलून देतो. म्हणजे जुनं आहे म्हणून पाडायला निघालोय तोच भाग धड आहे. पण हे नुसतं डोळ्यांनी बघून बोलतोय, दोन्ही भागांचं वेगळं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, पाहिजे. त्यात धोक्याचा वर्ग सी१ आला तर पाडायचंच, सी२ए आला तर रिकामं करून मोठी दुरुस्ती.

बी-४०२ काका : आणि तोवर पोरं?

सी-२०१ : मागच्या खोल्यांना आजच कुलूप. जूनच्या मध्याला शाळा उघडेल तेव्हा एकही मूल त्या स्लॅबखाली बसता कामा नये, ऑडिट होवो न होवो.

ए-१०३ ताई : आपला हॉल सकाळी रिकामाच असतो ना, दोन वर्ग सहज बसतील. सगळीकडे २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं चालू आहेत, आत्ता पाडली तर परत बांधायला कंत्राटदार कधी मिळेल काय माहीत. एकदा मुलं पांगली की पट घसरतो, मग शाळाच बंद करा म्हणतील.

बी-४०२ काका : बरं. कुलूप, ऑडिट, हॉल, आणि पाडलीच तर त्याच जागी शाळा, असं नवीन लिही. जुना कागद मी फाडतो. रविवारी ११ ला हॉलमध्ये या सगळे.

डी-१०२ काकू : हॉलला टॉयलेट एकच आहे, मुलींचं काय? आणि खिचडी कुठे वाढायची तेही बघा