‘दिंडी’ शोधली की ‘दंडार’ निघते. घरच्या सर्व्हरचा शोध कसा सुधारू?

पऱ्हाटीवाला (तिवसा तालुका)
नमस्कार मंडळी. गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आधी मेमरी कार्ड भरून द्यायचो. ते बंद केलं, कुणाची गाणी कुणाला विकतोय याची लाज वाटायला लागली होती. आता त्याच गिऱ्हाइकांसाठी दुकानात सर्व्हर बसवलाय. स्क्रीन फुटलेला ४ जीबीचा लॅपटॉप, त्यावर डेबियन लिनक्स, बाजूला १ टीबीची डिस्क. बॅटरी अजून तासभर टिकते, म्हणून लाइट गेली तरी गडी पटकन मान टाकत नाही.

पायथॉनमध्ये फ्लास्क (वेबपानं बनवायचं साधन) वापरून एक पान केलंय. शब्द टाकला की आधी डिस्कवरच्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये पाहतं, मग इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहाला विचारतं. निवडलेलं एरिया-टू हा डाउनलोडचा प्रोग्राम रात्रीतून उतरवून ठेवतो. आमच्या भजन मंडळाच्या चॅनेलवरचे व्हिडिओ वायटी-डीएलपी या व्हिडिओ उतरवायच्या प्रोग्रामने घेतो. मंडळाची परवानगी आहे, मूळ कॅसेटी उंदरांनी खाल्ल्या. लोक वायफाय जोडून मोबाइलवर ऐकतात.

आता दुखणं. आषाढाच्या आधी कौंडण्यपूरच्या पालखीचं रेकॉर्डिंग ऐकायला शेजारच्या मावशी आल्या. ‘दिंडी’ टाकलं, तर वडसा बाजूने आणलेली दंडार (झाडीपट्टीचं लोकनाट्य) सुरू झाली, ढोलकीसकट. मावशी म्हणाल्या, “बाप्पा, माऊली कुठं गेली?” ‘काळी’ शोधलं तर केळीच्या बागेचा व्हिडिओ. आणि ‘वऱ्हाड’ टाकलं तर शून्य. वऱ्हाडात बसून वऱ्हाड सापडत नाही!

शोध एफटीएस५ चा, म्हणजे एसक्यूलाइटच्याच शब्दशोधाचा आहे. शिवाय काही व्हिडिओ ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणत उतरतच नाहीत. मावशींना काय सांगू?

बोरीअरब_कट्टा
राजेहो, मावशीले सांगा मशीनले मात्रा दिसत नाई. खरंच तसंच हाय.

एफटीएस५ चा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, युनिकोड६१. तो अक्षरं अन् आकडे धरते, पण काना, वेलांटी, अनुस्वार, हलंत हे युनिकोडच्या हिशेबानं ‘मार्क’ गटात मोडतात, अन् ते त्याच्यासाठी मोकळी जागा. म्हणून ‘दिंडी’चे तुकडे पडले द, ड. ‘दंडार’चे द, ड, र. द नंतर ड दिसला की झालं त्याचं समाधान. काळी, केळी, कोळी सगळे क अन् ळ.

इलाज: टेबल बनवताना युनिकोड६१ च्या पुढं ‘कॅटेगरीज’ हा पर्याय द्या. त्यात मुळात एल-स्टार (अक्षरं), एन-स्टार (आकडे) अन् सीओ (खासगी चिन्हं) असतात, त्याले एमएन अन् एमसी हे ‘मार्क’चे दोन गट जोडा. टोकनायझर मागून बदलत नाई, शोधाचं टेबल पाडून नवीन करा अन् पुन्हा भरा. फाइलींले हात लावू नका, नाईतर मंडळ तुमच्या दुकानापुढंच भजनाले बसेल.

तूर_सोंगणी
‘वऱ्हाड’चं दुखणं वेगळं आहे, ते वरच्या इलाजाने जाणार नाही. मीही यात दोन रात्री घालवल्या. आपला हा अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो. एकात ऱ (क्रमांक २३५३) आणि हलंत. दुसऱ्यात साधा र (२३५२), हलंत आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे (८२०५). डोळ्याला दोन्ही सारखेच. पायथॉनच्या ‘ओआरडी’ने एकेक अक्षराचा क्रमांक छापून बघा, लगेच कळेल. एनएफसी (युनिकोडचं एकसारखं रूप) केल्याने हे जोडचिन्ह जात नाही. तेव्हा २३५२, २३८१, ८२०५ असे लागोपाठ दिसले की तिथे २३५३, २३८१ करा. टेबलात भरतानाही आणि लोकांनी टाकलेल्या शब्दालाही. मी आधी फक्त भरताना केलं आणि मग स्वतःवरच चिडलो.

फाइलच्या नावाचं सोपं आहे. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल-पद्धतीत नाव २५५ बाइटपर्यंत, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३ बाइट खातं. काना-मात्रा धरून ८५ चिन्हं झाली की संपलं. “श्री गुरुदेव सेवा मंडळ आयोजित” यातच रिकाम्या जागा सोडून त्यातली २५ जातात! वायटी-डीएलपीच्या नावाच्या साच्यात टायटलपुढे .१८० आणि कॅपिटल बी लावा, म्हणजे तो बाइट मोजून कापतो. पूर्ण शीर्षक टेबलात ठेवा.

चाळीतला_वाचक
दोन गोष्टी माझ्याकडून. अर्काइव्हच्या मेटाडेटात (फाइलीच्या माहितीत) प्रत्येक मूळ फाइलचा एमडी५, म्हणजे फाइल ताडायचा ठसा, मिळतो, उतरवल्यावर तो ताडून बघा. लाइट गेल्यावर अर्धवट फाइल पूर्ण समजून बसण्यात माझा एक अख्खा कार्यक्रम गेलाय. आणि अर्काइव्हवर आहे म्हणजे मोकळं आहे, असं धरू नका. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६४ सालचं २०२५ पासून मोकळं. शब्दांचा हक्क निराळा, तो कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, हिशेब करा.

पऱ्हाटीवाला
सगळ्यांचे आभार. टेबल नवीन केलं, काळी आणि केळी वेगळ्या झाल्या. ओआरडीने पाहिलं तर मी लॅपटॉपवर टंकलेल्या सगळ्या शीर्षकांत ते ८२०५ निघालं, लोक मोबाइलवरून ऱ टाकत होते. आता ‘वऱ्हाड’ला सोळा फाइली येतात. महाराजांच्या भजनांच्या शब्दांबद्दल आधी विचारून घेतो, तोवर ती बाजूला ठेवली.

‘दिंडीचं’, ‘दिंडीत’ यासाठी शब्दापुढे तारा (*) लावून शोधतोय, चालतंय. ‘मळा’वरून ‘मळ्यात’ मात्र सापडत नाही, त्यावर कुणाचा इलाज?

मावशींची पालखी तरीही येत नव्हती. शेवटी टेबल उघडून पाहिलं. नाव मीच टाकलं होतं, ‘दींडी’.