अनुभव धागा : 'क्वांटम ऑफ सोलेस' आणि पाणीचोर खलनायक

मंडळी, यावेळी हेरपटांचे दुसरे भाग. सुरुवात २००८च्या जेम्स बाँडपट 'क्वांटम ऑफ सोलेस'पासून. नुसतं 'भारी' किंवा 'बोअर' नको, प्रसंग धरून लिहा. गोष्ट फुटली तरी चालेल.

गोदाकाठ, नांदेड
आधी पहिल्या भागाची, म्हणजे 'कॅसिनो रॉयल'ची शेवटची दहा मिनिटं बघून घ्या. तळ्याकाठच्या बंगल्यापाशी बाँड मिस्टर व्हाइटच्या पायात गोळी घालतो. इथे तोच व्हाइट डिकीतून निघतो. वेस्पर, म्हणजे पहिल्या भागात मेलेली बाँडची प्रेयसी, कोण हे ठाऊक नसेल तर शेवटी बर्फात टाकलेली साखळी ही नुसती साखळीच राहते.

कात्री, संभाजीनगर
सुरुवातीचा, इटलीतल्या गार्डा तळ्याकाठचा गाड्यांचा पाठलाग आवाज बंद करून पाव वेगाने लावा. बाँडची गाडी गडद, मागच्या अल्फा रोमिओ काळ्या, आणि शॉट डोळ्यात भरायच्या आत बदलतो. इतकं भराभर कापायचं तर अधूनमधून लांबून घेतलेला शॉट हवाच. पुढे कोण, मागे कोण, दरी कुठल्या हाताला, हे त्यातूनच कळतं. इथे तो येईपर्यंत डोळे शिणतात. पुढे सिएना शहरात तर पालिओची घोड्यांची शर्यत पाठलागात मिसळलीय. घोड्यांचा गोष्टीशी काडीचा संबंध नाही.

मंद्रसप्तक, अंबाजोगाई
सरसकट नावं ठेवू नका, ऑस्ट्रियातल्या ब्रेगेंझचा ऑपेरा बघा. व्हाइटच्या टोळीची बैठक भर प्रेक्षागृहात, कानातल्या यंत्रांवर चाललेली. बाँड मधेच तोंड घालतो, बिचकून जे उठतात त्यांचे फोटो काढतो. झालं काम! नंतरच्या गोळीबारात गोळ्यांचा आवाजच काढून टाकलाय, वर 'टोस्का' या ऑपेराचं संगीत. इथेही दोन गोष्टी एकाआड एकच आहेत, पण सूर एक असल्याने सांधा दिसत नाही.

मांजरा, लातूर
सगळे हाणामारीवरच अडकलात. खरी चीज खलनायक ग्रीनचा धंदा आहे. पर्यावरणवाला म्हणून मिरवतो, बोलिव्हियात जमिनी घेतो. सगळ्यांना वाटतं तेल. निघतं पाणी, जमिनीखाली बांध घालून अडवलेलं. मग गावातली तोटी ठिबकत ठिबकत बंद पडते आणि माणसं रिकामी भांडी घेऊन उभी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं त्या गावाला हे समजावून सांगावं लागत नाही. बोलिव्हियातल्याच कोचाबांबा शहरात २००० साली पाण्याच्या खाजगीकरणावरून खरोखरच लोक रस्त्यावर उतरले होते. एवढा ऐवज हाती असून कॅमेरा त्या तोटीपाशी थांबतो किती? घोड्यांना मात्र वेळ आहे. शेवटी बाँड ग्रीनला वाळवंटात सोडतो, हातात इंजिन ऑइलचा डबा देऊन. पाणीचोराला प्यायला तेल! इतकी नेमकी शिक्षा, पण त्याचं मरण नंतर बोलण्याबोलण्यात उरकलंय.

गोदाकाठ, नांदेड
त्याला कारण आहे. हॉलिवूडच्या लेखकांचा संप नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८, आणि चित्रीकरण जानेवारीतच सुरू. प्रसंग आपण आणि दिग्दर्शक मार्क फॉर्स्टर मिळून सावरत होतो, हे बाँड झालेल्या डॅनियल क्रेगनेच पुढे सांगितलं. मारामारी स्टंटवाले बसवून देतात. ग्रीन नेमका कोण, हे लिहायला लेखक लागतो. पहिला भाग १४४ मिनिटांचा, हा १०६.

कात्री, संभाजीनगर
पटलं. वाळवंटातलं हॉटेलच घ्या. बाहेरून दिसते ती चिलीतल्या पारानाल वेधशाळेची निवासाची इमारत, जागा अफलातून. पण इथली वीज इंधन-घटांवर (फ्युएल सेल, इंधनातून थेट वीज करणारे संच) चालते आणि ते धोक्याचं आहे, हे एकजण सांगतो आणि लगेच हॉटेल उडायला लागतं. सकाळी पेरलं, दुपारी मळणी.